मागचा डावा पाय

नानांच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं गोळीने जाणारं नव्हतं.

बावीस वर्षं ते प्रयोगशाळेत मेलेल्या रानपाखरांच्या पिसांतून माइट वेचत होते. माइट म्हणजे मिठाच्या कणाहून बारीक, आठ पायांचा, पाखराच्या जिवावर फुकट जगणारा प्राणी. मोठ्या साहेबांनी कधीकाळी शब्द दिला होता, "नाना, नवी जात सापडू दे, तिला तुमचंच नाव!" आणि सापडली कुणाला? तीन महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या मॅडमना. घुबडाच्या पिसात, एकुलता एक माइट. साहेब शब्द विसरून मोकळे, जातीला मॅडमचं नाव. घुबडाची पिसं नानांनी धुतली, डब्या नानांनी लावल्या, आणि आयत्या बिळावर ही नागोबा!

वर कहर म्हणजे तो माइट काचेवर बसवायचं काम नानांकडेच आलं.

"तुमच्यासारखा हात कुणाचा नाही हो, नाना," मॅडम म्हणाल्या.

गोड बोलायला हिचं काय जातंय, नाना मनात म्हणाले. त्यांनी माइट सुईच्या टोकावर उचलला. मॅडम हात धुवायला वळल्या. नानांनी हळूच फुंकर मारली.

"मॅडम, उडाला."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "माझीच चूक. पंखा बंद करायला हवा होता मी," म्हणत त्या खुर्चीत बसल्या आणि चक्क रडायला लागल्या.

नानांना वाटलं होतं, जिवाला गार वाटेल. कसलं काय! ते गुडघ्यांवर बसले आणि फरशी इंच इंच धुंडाळू लागले. दीड तासाने तो सापडला, त्यांच्याच बाहीच्या शिवणीत. दुसऱ्या कुणाला तो ठिपकाही दिसला नसता. त्यांनी तो काचेवर बसवला आणि भिंगातून पाहिलं.

"एक पाय गेलाय, मॅडम."

"जाऊ द्या हो! माझा जीव गेला होता, तो परत आणलात."

सहा महिन्यांनी लेख छापून आला. मॅडमनी पहिली प्रत नानांनाच दिली. शेवटी आभार होते, 'नानांच्या अचूक हातांचे'. ते वाचून नानांनी प्रत मिटून पिशवीत टाकली.

"तुमचं नाव कुठाय हो?" घरी बायकोने हौसेने विचारलं.

नानांनी आभारांचं पान उघडलंच नाही. आधीच्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं: 'एकमेव नमुना. मागचा डावा पाय तुटलेला.'

"यात कुठाय नाव?"

"नाव तिचं आहे," नाना म्हणाले. "तो पाय तेवढा माझा."