श्री. प्रेमदास – २

दीपमाला वासनिक हिच्या हातून एका दुपारी एकशे शहाऐंशी यंत्रांचं बारसं झालं, तेव्हा तिला नोकरी लागून जेमतेम पाच महिने झाले होते. बारसं झालं हे मात्र तिला तीन आठवड्यांनी कळलं, तेही डोक्याला शिकेकाई लावलेली असताना.

वर्ध्याला आर्वी नाक्याजवळ, सायकलच्या दुकानावरच्या दोन मजल्यांत वासुदेवराव हिवरे यांची कचेरी होती. कारखान्यांची डिझाइनं करून द्यायची, हा त्यांचा धंदा. दोन हजार तीन सालच्या त्या हिवाळ्यात सिंदी रेल्वेच्या ओमप्रकाश शेठजींचा सरकीच्या तेलाचा कारखाना जवळजवळ उभा झाला होता, यंत्रं तेवढी बसायची होती. वरच्या मजल्यावरची माणसं तेल कुठून निघतं, कोणत्या पंपातून जातं आणि कोणत्या टाकीत पडतं ते ठरवून आपल्या डेटाबेसमध्ये भरत. खालच्या मजल्यावर प्रेमदास, भूपेंद्र आणि अंजू हे ड्राफ्ट्समन तेच पंप आणि त्याच टाक्या कॉम्प्युटरवर चित्रासारख्या उभ्या करत. त्यांचा डेटाबेस वेगळा. वरचे म्हणत पाइप सहा इंची, खालचे दाखवत चार इंची. मग जिन्याच्या मधल्या पायरीवर दोन्ही मजले भेटून भांडत.

या भांडणाला कंटाळून वासुदेवरावांनी एक सॉफ्टवेअर मागवलं. ते दोन्ही डेटाबेस शेजारीशेजारी ठेवून जिथे फरक असेल तिथे लाल खूण करायचं आणि जुळलं की हिरवी. फक्त आधी त्याला समजावून द्यावं लागे की वरच्यांचा कोणता रकाना म्हणजे खालच्यांचा कोणता. वरचे ‘साइझ’ लिहीत, खालचे ‘डाया’. वरचे ‘मटेरियल’ म्हणत, खालचे ‘मेटल’. ही जुळवाजुळव दीपमालाकडे आली, कारण सॉफ्टवेअरसोबत आलेलं जाड पुस्तक उघडायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

तिने तीन दिवस पुस्तक वाचलं. चौथ्या दिवशी वासुदेवराव येऊन मागे उभे राहिले.

“झालं का?”

“सर, साइझ-डाया तेवढे जोडले. बाकी एकेक रकाना तपासून जोडायचा आहे. अजून दोन दिवस लागतील.”

“हे बटन कायचं हाय?”

“ऑटो मॅप. सारख्या नावाचे रकाने आपोआप जोडते.”

“मग दाब नं! मशीन फुकटात काम करून राह्यली तं तू काऊन मरमर करते?”

दीपमालाने बटन दाबलं. दोन्हीकडे ‘नेम’ नावाचा रकाना होता. तो पहिल्या झटक्यात जोडला गेला. नेम म्हणजे नाव, त्यात चूक ती काय असणार, असं तिलाही वाटलं. मग तिने तुलना चालवली. पडदा वरपासून खालपर्यंत लालभडक झाला. फरक : एकशे शहाऐंशी.

वासुदेवरावांचा चेहराही त्याच रंगाचा झाला. दोन तासांत शेठजी यायचे होते. “हे लाल दिसलं तं तो माणूस इथंच आडवा होईल. हिरवं कर!”

“सर, फरक एकेक पाहावा लागेल.”

“सारं हिरवं करायचं बटन असेल नं!”

तसं बटन होतं. ‘दुसऱ्याप्रमाणे करा’ अशा अर्थाचं काहीतरी त्यावर लिहिलं होतं. दीपमालाचं बोट थोडं थबकलं, पण साहेब मानेवर श्वास सोडत होते. तिने दाबलं. पडदा शेतासारखा हिरवा झाला. फरक : शून्य. वासुदेवरावांनी सगळ्या कचेरीला आलुबोंडे खिलवले, दोन्ही मजल्यांनी ते एकाच टेबलावर बसून खाल्ले, आणि यंत्रांची यादी तशीच्या तशी यंत्रं बसवायला आणि पाट्या करायला गेली. तिच्यावर वासुदेवरावांनी सही केली. वाचली मात्र नाही. हिरवं झालेलं काय वाचायचं?

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, नालवाडीत दीपमाला न्हात होती. गल्लीत फोन फक्त तिच्या घरी होता, आणि काही अडलं तर म्हणून कारखान्यात तोच नंबर दिलेला होता. तो वाजला तेव्हा आई भाजीला गेलेली, आणि शेजारच्या धुरपताकाकू विरजण मागायला आलेल्या. धुरपताकाकू म्हणजे ड्राफ्ट्समन प्रेमदासची बायको. त्यांनीच फोन उचलला. न्हाणीघरात दीपमालाला त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, कारण फोनवर बोलताना आवाज सिंदीपर्यंत गेला पाहिजे या हिशेबानेच त्या बोलत.

“कोण? बंडूजी? कारखान्यातून? पोट्टी आंघोळीले गेली… काय? कोण गरम झाला? प्रेमदास?… सकाळपासून गळून राह्यला? कुठून गळून राह्यला?… खालून?” काकूंचा आवाज आणखी चढला. “दोघं जणं दाबून बसले? माय वं!”

मग धप्प असा आवाज झाला.

दीपमाला कसंबसं पातळ गुंडाळून, डोक्याला शिकेकाईचा लगदा तसाच, धावत बाहेर आली. धुरपताकाकू जमिनीवर बसल्या होत्या. तिने लोंबणारा फोन उचलला.

“बंडूजी, मी दीपमाला. काय झालं?”

“मॅडम, आता काई सांगता येत नाई,” तिकडून कारखान्याचा मुख्य ऑपरेटर बंडूजी ओरडत होता. “प्रेमदासले पुरा खोलला. आतलं सारं बाहेर काढून टरपालावर मांडून ठेवलं. तुम्ही लवकर या, नाई तं वास सुटते!”

फोन कट झाला.

प्रेमदासकाका सकाळी सातलाच घरून निघालेले तिने पाहिले होते. पवनारला साळ्याच्या शेतात तुरीच्या शेंगा तोडायला जातो म्हणाले होते. साहेबांनी रस्त्यातून परस्पर सिंदीला पाठवलं असेल? कशात सापडले असतील? तिने केसांना फडकं बांधलं, काकूंना उठवलं, आणि दोघी बाहेर पडल्या. चौकात पोचेपर्यंत त्या दोघींच्या आठ जणी झाल्या. काळीपिवळी जीपवाल्याने आधीच बसलेले चार जण उतरवून त्यांना घेतलं. वाटेत एक म्हातारी प्रत्येक गतिरोधकावर “चांगला होता वं माणूस” म्हणत होती, आणि धुरपताकाकू तितक्याच वेळा “होता काऊन म्हणते, बुढे?” म्हणून तिच्यावर खेकसत होत्या.

कारखान्याच्या फाटकाशी बंडूजी तेलाने न्हालेला उभा होता. आठ बाया रडत येताना पाहून तो दोन पावलं मागे सरला.

“कुठी हाये?” धुरपताकाकूंनी विचारलं.

“कोण?”

“प्रेमदास!”

“तो पाहा तिकडे, टरपालावर,” बंडूजीने बोट दाखवलं. मग बाईची हालत पाहून त्याला वाटलं, धीर द्यावा. “रडू नका बाई. एकच गेला. बाकीचे तीन प्रेमदास मस्त चालू हायेत.”

धुरपताकाकूंचं रडं तोंडात अडकलं.

भुईवर अंथरलेल्या टरपालावर एक पंप पोट फाडून ठेवला होता. शेजारी त्याची पाती, नटबोल्ट आणि एक काळी रबरी चकती नीट ओळीने मांडली होती. पंपाच्या अंगावर पितळी पाटी होती. देवळातल्या देणगीदारांच्या पाट्या करणाऱ्या कारागिराने ती नेहमीच्या वळणदार अक्षरात, स्वतःच्या मनाने आदराचं ‘श्री.’ लावून कोरली होती :

श्री. प्रेमदास – २

दीपमालाने मान वर केली. शेजारच्या पंपावर श्री. प्रेमदास – ३. उंच टाकीवर कु. अंजू – १. भिंतीच्या कडेने ओळीत लावलेल्या व्हॉल्व्हवर श्री. भूपेंद्र – ७, श्री. भूपेंद्र – ८, श्री. भूपेंद्र – ९. नजर जाईल तिथे कचेरीचा खालचा मजला पाइपांना टांगलेला होता. वरच्यांच्या ‘नेम’मध्ये यंत्राचा नंबर असायचा. खालच्यांच्या ‘नेम’मध्ये ते यंत्र ज्याने काढलं त्याचं नाव आणि त्याच्या चित्राचा क्रमांक. तिने बटन दाबलं, आणि पी-१०२ चा प्रेमदास झाला.

“बंडूजी, तुम्हाला हे विचित्र नाही वाटलं?”

“विचित्र कायले? शेठजी म्हणाले, कम्प्युटरनं पत्रिका पाहून नावं काढली. आम्ही उदबत्ती लावली नं सगळ्यायले.”

धुरपताकाकूंनी पदराने तोंड पुसलं. त्या पंपाभोवती एक फेरी मारून आल्या, वाकून आत पाहिलं, मग विचारलं, “दुरुस्त होते का हा?”

“होते. एक रबर बदललं का होते.”

“मंग एक रबर घरच्यासाठी बी द्या. त्याचं नाक दिवाळीपासून गळून राह्यलं.”

आठही जणी अशा हसायला लागल्या की बंडूजीला त्यांना चहा पाजावा लागला. तेवढ्यात फाटकातून एक लुना फटफटत आत आली. मागच्या सीटवर शेंगांची थैली छातीशी धरलेला खरा प्रेमदास. तो घरी परतला तेव्हा दारात चटई अंथरलेली होती आणि एका शेजाऱ्याने त्यालाच जयभीम करून “कसं झालं?” असं विचारलं होतं.

“मी मेलो म्हणे,” तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला. “कुठी मेलो मी?”

त्याला टरपालापाशी नेलं. त्याने पाटी वाचली. मग गुडघ्यावर बसून त्याने पंपाच्या तोंडाला बोटं लावून माप घेतलं.

“दीपमाला, हे चार इंची बसवलं. इथं सहा पाह्यजे होतं. मी ड्रॉइंगमध्ये चार काढलं होतं, चूक माहीच हाय. पण वरचे तं सहा म्हणत होते नं? मग लाल झालं नाई?”

“झालं होतं काका,” दीपमाला म्हणाली. “मी हिरवं केलं.”

एवढं बोलल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शिकेकाई उतरली, असं ती म्हणाली, आणि ते अर्धं खरंही होतं. एकशे शहाऐंशी फरकांच्या गर्दीत काही खरेही होते, आणि तिने सगळ्यांना एकाच बोटाने पुसलं होतं. प्रेमदासने थैलीतून मूठभर शेंगा काढून तिच्या हातात दिल्या.

सोमवारी ती वासुदेवरावांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी सॉफ्टवेअर विकणाऱ्याला शिव्या दिल्या, मग पाटीवाल्याला. मग यादी मागवली. शेवटच्या पानावर स्वतःची सही दिसली, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

“आता काय करायचं?”

“जुना डेटा सीडीवर आहे, सर. मी पुन्हा जोडते. पण दोन्ही मजले एका टेबलावर पाहिजेत. आणि ऑटो मॅपला कोणी हात लावायचा नाही.”

“म्हणजे मी.”

“हो सर.”

दोन दिवस दोन्ही मजले एका टेबलाभोवती बसले. दीपमालाने कागदावर मधोमध रेघ मारली आणि प्रत्येक रकान्याचं नाव घेऊन एकच प्रश्न विचारला : “तुम्ही इथे नेमकं काय लिहिता?” उत्तरं ऐकून दोन्ही मजल्यांना घाम फुटला. वरचे साइझ इंचात लिहीत, खालचे डाया मिलिमीटरमध्ये. खालच्यांच्या ‘डेट’ रकान्यात तारीख होती, पण अंजू त्यात काम संपल्याची लिही आणि भूपेंद्र सुरू केल्याची. ‘रिमार्क’ रकान्यात भूपेंद्र गेली दोन वर्षं क्रिकेटचा स्कोअर लिहून ठेवत होता. “दुसरं कोणी वाचतच नाई नं,” तो म्हणाला. वरच्या मजल्याने माना डोलावल्या, कारण ते खरं होतं.

रकान्याला रकाना लावून, इंचाचं मिलिमीटरशी लग्न लावून तिने बुधवारी पुन्हा तुलना चालवली. लाल खुणा आल्या अकरा. त्या अकरा चुका दोन्ही मजल्यांनी न भांडता दुरुस्त केल्या. सिंदीला सहा इंची पाइप गेला आणि त्यासोबत नव्या पाट्यांची पेटी : पी-१०१, पी-१०२, टी-२०१.

पेटी चौथ्या दिवशी परत आली. तिच्यासोबत बंडूजीही आला.

“मॅडम, हे जमत नाई,” तो म्हणाला. “काल तेल उतू चाललं होतं. मी पोट्ट्याले ओरडलो, पी-एकशे दोन बंद कर! तो म्हणे, दोन का बारा? तोवर बादलीभर तेल भुईवर. तेच मी नुसतं म्हटलं असतं, प्रेमदास दोनले गप कर, तं आंधळा बी पोचला असता.”

“पण कागदावर नंबर पाहिजे, बंडूजी. तपासणीला साहेब येतात.”

“कागदावर ठेवा नं नंबर. आमच्या तोंडून काऊन काढून घेता?”

दीपमालाने विचार केला. मग तिने दोन्ही डेटाबेसमध्ये एकेक नवा रकाना उघडला, त्याला ‘हाक’ असं नाव दिलं, आणि हाकेचा रकाना हाकेलाच जोडला. पाटीवर मोठ्या अक्षरात नंबर आला आणि खाली छोट्या अक्षरात श्री. प्रेमदास. तपासणीच्या साहेबांनी ते वाचलं, भुवया उंचावल्या, आणि नंबर जुळतात एवढं पाहून निघून गेले.

पुढचं काम हिंगणघाटच्या एका कारखान्याचं आलं. तेव्हा खालच्या मजल्यावर वेगळाच घोळ सुरू झाला. काढेल त्याचं नाव पाटीवर येणार, म्हणून मळीच्या खड्ड्यातला पंप काढायला कोणी तयार होईना. अंजू म्हणाली, माझं लग्न जमून राह्यलं, मी तो पंप काढणार नाही. भूपेंद्रने बॉयलर आधीच धरून ठेवला होता. प्रेमदासला धुरपताकाकूंनी सांगून पाठवलं होतं, काहीही काढा, गळणारं काढू नका.

आणि एका सकाळी दीपमाला कचेरीत लवकर आली, तर वासुदेवराव खालच्या मजल्यावर, अंजूच्या खुर्चीत, नाक पडद्याला टेकवून बसलेले. बारा वर्षांत त्यांनी स्वतः एक रेघ मारली नव्हती.

“सर, काय काढताय?”

“चिमणी,” ते मान न वळवता म्हणाले. “शंभर फुटी. दुरून दिसते नं, म्हणून म्हटलं.”

दीपमालाने दुपारी ती चिमणी तुलनेला लावली. चार ठिकाणी लाल आलं. तिने कागद काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. वासुदेवरावांनी तो मुकाट्याने उचलला, आणि संध्याकाळी सगळे घरी गेले तरी ते खोडरबर नसलेल्या कॉम्प्युटरवर खोडाखोड करत बसले होते.