कांचनचा क

पाच वर्षांच्या कांचनला क म्हणता येत नसे. क चा त व्हायचा, ग चा द. स्वतःला ती तांचन म्हणे आणि कावळ्याला तावळा. इंद्रपुरीतल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये याचं भारी कौतुक. तिचे बाबा, अच्युत, कारखान्यात टर्नर होते. शिफ्ट संपवून आले की दारातूनच हाक मारायचे, "तांचू, ताय तरतेस?" ती धावत यायची.

मग ती शाळेत जाऊ लागली. कुणी नाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि पोरं दिवसभर "तांचन, तांचन" करत तिच्यामागे फिरली. त्यानंतर ती शाळेत तोंडच उघडेना.

तिच्या आईनं, नलिनीनं, चौकशी करून शिवाजी नगरातल्या स्पीच थेरपिस्ट वंदनाताईंना गाठलं. पहिल्या दिवशी तिघंही स्कूटरवरून गेली. कांचन आत जायला तयार होईना.

"चल ना तांचू, तुणी ताही तरणार नाही," अच्युत म्हणाले.

वंदनाताई दारातच उभ्या होत्या. "तुम्ही घरी असंच बोलता?"

"लाडानं हो."

"लाड खूप करा. पण तिच्या कानावर क पडलाच नाही, तर तिला तो सापडणार कुठून?"

अच्युत ओशाळले. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मोठ्या निश्चयानं हाक मारली, "कांचन!"

पोर आलीच नाही. नलिनी बघायला गेली, तर ती पलंगामागे बसलेली. "बाबा रादावलेत ता?" डोळ्यांत पाणी.

तिचंही बरोबरच होतं. या घरात तिचं पूर्ण नाव फक्त रागावतानाच घेतलं जायचं. अच्युत तिच्याशेजारी फरशीवर बसले. "नाही गं. मी तुझं नाव शिकतोय. मलाही जमत नाही नीट." मग ते हळूच म्हणाले, "कांचन." पुन्हा म्हणाले, जरा आणखी मऊ. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग मांडीवर येऊन बसली.

वंदनाताईंनी गुळण्या करायला सांगितल्या होत्या. पाणी घशात खळखळतं तिथेच क चं घर, असं त्यांनी कांचनला समजावलं होतं. मागच्या अंगणात बापलेक रोज माना वर करून गुळण्या करत. मग पाणी थुंकून तोच आवाज काढायचा. कांचनचा त काही हटेना. कधी ती चिडून तांब्या लाथाडायची, कधी अच्युतनाच ठसका लागायचा. एकदा असाच ठसका लागून ते कासावीस झाले, तेव्हा त्यांची नक्कल करता करता तिच्या घशातून आला, "क्... क्क!"

"अहो, ऐकलंत का?" नलिनी स्वयंपाकघरातून ओरडली.

पण एकटा क येणं वेगळं आणि बोलण्यात येणं वेगळं. दिवाळीपर्यंत तो शब्दांत उतरला आणि मग सगळीकडेच शिरला. "आई, काटात कूप वाढ," ती ऐटीत म्हणाली. तिघंही हसत सुटली. आपली चूक कळल्यावर सगळ्यांत जास्त तीच हसली. वंदनाताई म्हणाल्या, "होतं असं. बसेल जागेवर."

उन्हाळ्यात त्यांनी सांगितलं, आता यायची गरज नाही. परतताना अच्युतनी कुल्फीच्या गाडीपाशी स्कूटर थांबवली, पण बोलले नाहीत. कांचननं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुढे झाली.

"भैया, एक कुल्फी. केसरवाली."

"एकच?" अच्युतनी विचारलं.

"तुम्ही तुमची मागा," ती म्हणाली.