आंब्याच्या सालींचा शिरका

आबकारीचा नवा कायदा आला त्याच साली ठाकुर्लीला सगुणाच्या दारात जमादार येऊन उभा राहिला. पडवीत मडकं होतं. कल्याणच्या ज्या घरी ती अंगण सारवायला जाई, तिथे उन्हाळाभर आंबापोळ्या घालत, आणि उरलेल्या साली-कोयी सगुणा घेऊन येई. गूळपाण्यात त्या मुरवून शिरका करायचा, ही विद्या तिला ठाण्याच्या एका ख्रिस्ती बाईने दिली होती. बातमी कुणी दिली हे विचारायची गरज नव्हती. शेजारच्या बायजाचं नाक भलतंच तिखट होतं.

जमादाराने मडकं हुंगलं. "दारू आहे."

ते खोटं नव्हतं, हीच पंचाईत. शिरका आधी दारू होतो, मग आंबतो, आणि मडकं नेमकं त्या अधल्यामधल्या आठवड्यात होतं. दारू ठरली तर सगुणा तुरुंगात जाणार, आणि नवरा वारल्यापासून तिच्या दोन पोरींना दुसरं कुणी नव्हतं.

"जमादारसाहेब, वीस दिसांनी याचा शिरका व्हनार. तवा चाखा. नाय झाला त मना न्या."

जमादार वाईट माणूस नव्हता, नुसता नोकरीत मुरलेला होता. त्याने मडक्यावर झाकण ठेवलं आणि कडेने लाख लावायला घेतली.

"झाकन नको! वारा कोंडलाव त ती दारूच रानार. फडकं बांदा, गाठीवर लाख लावा."

त्याने मिशीवरून दोनदा हात फिरवला आणि फडकं मागितलं. गाठीवर शिक्का मारून तो गेला.

वीस दिवस तिच्या घरचा विस्तवसुद्धा कुणी नेला नाही. पोरींना बायका दारावरून हाकलत. सगुणा रोज फडक्याला नाक लावून बघे आणि कामाला जाई.

एकविसाव्या दिवशी सगळ्या आळीसमोर जमादाराने गाठ सोडली, बोटभर चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"शिरका," तो म्हणाला, आणि प्यायला पाणी मागितलं.

त्याची पाठ वळली तोच बायका वाट्या घेऊन हजर. मासळीला चोळायला शिरका सगळ्यांनाच हवा होता, आणि पुढे बायजाच. सगुणाचा जीव जळत होता, पण तिने नाही म्हटलं नाही. पोरींना हाताशी उभं करून तिने पळी भरली.

"आदी हुंगा. मंग सांगा काय हाय ते."

बायजाने वाटीत नाक घातलं. "शिरका," ती पुटपुटली.

"पोरींना आयकू नाय आलं," सगुणा म्हणाली.