बोट लागते तिला

जेवणाच्या हॉलमध्ये आमचं टेबल चौघांचं होतं. बसलो तिघं. समोरच्या बाईंनी चौथ्या खुर्चीकडे बघून विचारलं, "वहिनी नाही आल्या?"

मी म्हणालो, "बोट लागते तिला. खाली झोपलीय."

बायको उन्हाळ्याच्या तोंडाला गेली होती. बोटीचं बुकिंग तिनेच केलेलं. आमचा गाद्यांचा धंदा. मी कापूस भरायचो, टाके घालायचो. ती खोळी शिवायची. सुट्टी म्हणजे दुकान झाडायचा दिवस. बोटीने चार देश होते, सगळे शेजारी शेजारी, सगळे गरम. "एकदा तरी दुसऱ्या कुणी घातलेल्या गादीवर झोपू," असं ती म्हणायची.

ती गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, रद्द करू या का?" रद्द करायचं तर फोन करून कारण सांगावं लागलं असतं. तोवर ते मी इतक्या जणांना सांगितलं होतं की तोंड उघडायचा कंटाळा आला होता. सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, मग त्याची समजूत आपल्यालाच घालावी लागते. त्यापेक्षा जाणं सोपं वाटलं. आणि आता या बाईंच्या तोंडात घास होता. म्हणून बोट लागते म्हणालो.

त्यांचे यजमान निवृत्त बसड्रायव्हर होते. ते लगेच सरसावले. "गाडी लागणाऱ्याला नेहमी पुढं बसवावं. नजर लांब ठेवायची. माझ्या बसमध्ये कुणाला उलटी झाली नाही."

"झाली नाही कशी? मला झाली होती," ड्रायव्हरीणबाई म्हणाल्या. "आणि बोटीत पुढं कुठं बसवता? कप्तानाच्या मांडीवर?"

उठताना त्यांनी चहासाठी ठेवलेल्या ताटलीतलं एक लिंबू कागदी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "चोखायला द्या त्यांना."

मी केबिनमध्ये गेलो आणि ते लिंबू कापून खाल्लं. टाकून द्यायला बरं वाटलं नाही. चव काही लागली नाही. तेव्हा कशालाच लागत नव्हती.

पहिला देश आला. ऊन, घाम, बंदराबाहेर टोप्या विकणाऱ्यांची रांग. दुसऱ्या देशातही त्याच टोप्या. ड्रायव्हर म्हणाले, "काय हो गादीवाले, आपण पुढं आलो, की या टोप्या आपल्या मागनं आल्या?" त्यांनी दोन्हीकडे एकेक घेतली. मी सगळ्यांबरोबर बसमध्ये बसायचो, उतर म्हटलं की उतरायचो. धबधबा बघितला, बाग बघितली. बाग होती एवढं आठवतं.

संध्याकाळी टेबलावर चौकशी व्हायची.

"आज काय खाल्लं त्यांनी?"

"थोडा भात."

"पोटात राहिला?"

"राहिला."

"बरं झालं." मग आणखी एक लिंबू.

हळूहळू मी न विचारताही सांगू लागलो. ती म्हणते, फार उकडतं. ती म्हणते, इथला चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी. चहा तसाच होता, आणि ती तेच म्हणाली असती. घरी तिचा विषय निघाला की लोक आवाज खाली करायचे. इथे ड्रायव्हर तोंडात पाव घेऊन ओरडायचे, "वहिनींना म्हणावं, डेकवर या, हवा खा!" इथे ती फक्त आजारी होती. आजारी माणसाची वाट बघता येते. अशी जागा आता हे एकच टेबल उरलं होतं, ते मला घालवायचं नव्हतं.

तिसऱ्या देशातून निघालो त्या दिवशी ड्रायव्हरीणबाई म्हणाल्या, "दुपारी मी येते बघायला."

"नको, तिला कुणी आलेलं..."

"भाऊजी, बाईमाणूस इतके दिवस एकटं पडून आहे. तुमच्यानं काय होणार? केस तरी विंचरून दिले का कुणी?"

मी खोलीत येऊन तयारीला लागलो. भिंतीकडची बाजू तिची ठरवली. एका बाजूला झोपलेल्या माणसाची गादी कशी दिसते हे मला कुणी शिकवायला नको. खांद्याशी खोल, कमरेशी आणखी खोल, गुडघ्यांशी थोडी. गुडघा आणि कोपर रोवून मी तसे खड्डे केले. पण फोम चांगल्यातला होता. हात काढला की वर यायचा. पुन्हा दाबायचो, पुन्हा वर. शेवटी चादरीखाली टॉवेलच्या घड्या सरकवून मधला भाग खोल दिसेल असं केलं. उशी चुरगाळली. बाथरूममधला नळ सोडला, दार लोटलं. तेवढ्यात खोलीचं दार वाजलं.

"आंघोळीला गेलीय," मी म्हणालो.

"जाऊ दे की. मी बसते." त्या खुर्चीवर बसल्या. गादीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गादीवाल्याला गादीच दिसते. त्या दाराशी बघत होत्या, तिथे माझ्या चपलांचा एकच जोड होता. मग आरशापुढे, तिथे दाढीचं सामान आणि एक कंगवा. मग खुंटीकडे, तिथे माझे दोन शर्ट. नळ वाहत होता. बराच वेळ आम्ही दोघं तो ऐकत बसलो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "नळ बंद करा. पाणी वाया जातंय."

मी जाऊन बंद केला. परत येऊन गादीच्या कडेला बसलो.

"कधी?"

"उन्हाळ्याच्या सुरुवातीला."

"काय म्हणून हाक मारायचात?"

"नावानं कधी नाही. अगं म्हणायचो."

"मी ह्यांना अजून अहोच म्हणते." त्या उठल्या, चादरीखालच्या टॉवेलच्या घड्या काढल्या आणि बाथरूममध्ये नेऊन ठेवल्या. "घरी कसली गादी आहे?"

"कापसाची. मीच भरलेली. तिच्या बाजूला खड्डा आहे अजून. मुलगी म्हणते, कापूस पिंजून पुन्हा भरा, तुमची पाठ दुखेल."

"पाठ दुखते?"

"दुखते."

"मग बघा. कुणी मागं लागलेलं नाही." दाराशी त्या थांबल्या. "ह्यांना मी काही सांगत नाही. तुम्हाला वाटलं तर सांगा, नाहीतर वहिनी झोपल्यात."

मला वाटलं होतं, आता संपलं. पण संध्याकाळी खाली गेलो तर टेबल तसंच होतं, चारही खुर्च्या जागच्या जागी. ड्रायव्हर सूप ओढत होते. "काय, कशा आहेत वहिनी? ही म्हणते, झोपल्यात."

ड्रायव्हरीणबाई पावाला लोणी लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मला पुन्हा तेच म्हणता आलं असतं. पण आता त्या बाईंना रोज माझ्याबरोबर खोटं बोलावं लागणार होतं, आणि त्या बोलल्या असत्या. मी म्हणालो, "ती बोटीवर आलीच नाही. उन्हाळ्यात वारली."

ड्रायव्हरांनी चमचा खाली ठेवला. चेहरा पडायची मी वाट बघत होतो. ते विचार करत होते.

"मग इतकी लिंबं कोण खात होतं?"

"मीच."

"अहो!" ड्रायव्हरीणबाई म्हणाल्या.

"अगं, पोट बिघडलं असतं त्यांचं." मग ते माझ्याकडे वळले. "रिकाम्या पोटी नाही ना खाल्लीत?"

"नाही."

"हां." त्यांनी पावाची टोपली माझ्याकडे सरकवली. वाढप्याने येऊन चौथी खुर्ची न्यायची का म्हणून हाताने विचारलं. शेजारच्या टेबलावर एक माणूस जास्त झाला होता. दोघं माझ्याकडे बघू लागले. मी मान डोलावली. त्याने ती उचलून नेली.

उठताना ड्रायव्हरीणबाईंनी सवयीने लिंबू उचललं, रुमालात गुंडाळलं, आणि मग हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला.

खोलीत गेल्यावर ते कापलं. आंबट होतं. अर्धं खाल्लं, अर्धं तसंच ठेवलं आणि भिंतीकडच्या बाजूला झोपलो.