चिकटवलेला दशक

मित्रांनो, पेठकडच्या डोंगरातील एका शाळेच्या कपाटात पडलेला हा जुना दशकाचा गठ्ठा आज तोंड उघडीत आहे. बांबूच्या दहा काड्या आणि एक रबर, एवढाच माझा देह. १९९८ साली मंगळू नावाच्या मजुराने कोयत्याने सोलून मला घडविले. त्याची लेक पल्लवी तेव्हा तिसरीत होती. बेचाळीसातून सतरा वजा करावयास सांगितले की ती पस्तीस लिही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून बिचारी सातातून दोन काढी.

नवे प्रशिक्षण घेऊन आलेल्या सुवर्णाबाईंनी मला तिच्या हाती दिले.

"काढ गं रबर. आता आधीच्या दोन धरून सुट्या काड्या किती?"

"बारा! मंग सात जातील की, बाई!"

तिचा चेहरा असा उजळला, की मला जन्माचे सार्थक वाटले.

मंगळू दर हिवाळ्यात खाली द्राक्षबागांच्या कामाला जात असे. या खेपेस तो म्हणाला होता, "बाई, तपासणीच्या साहेबाच्या परीक्षेत पोर पास झाली तर आजीपाशी ठेवतो. नाय तर संगं नेतो."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना तीन काड्या हरवलेल्या आढळल्या. त्यांनी सुताराकडचा सरस आणवून आम्हां सर्व गठ्ठ्यांना पक्के चिकटविले.

"सर, हा सुटलाच नाही तर वजाबाकी करायची कशी?" बाईंनी विचारले.

"बाई, साहित्य जपायला दिलंय. साहेब काड्या बघतील, पोरांची डोकी नाही!"

साहेब आले. पल्लवीपुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या गेल्या. बेचाळीसातून सतरा. तिने झटक्यात मला उचलले, रबर काढले, काड्या ओढल्या. एकही सुटेना. तिची नखे माझ्यात रुतली. मी आतून आक्रोश करीत होतो. पण सरसाला दया कुठली?

"सर, मोडू का?"

"खबरदार! खाली ठेव ते!"

तिने मला खाली ठेवले आणि पाटीवर पस्तीस लिहिले. साहेबांनी तिच्या नावापुढे 'अप्रगत' असा शेरा मारला आणि मला हाती घेऊन म्हटले, "वा! साहित्य अगदी नवंकोरं ठेवलंय."

दुसऱ्या सकाळी मजुरांची जीप शाळेसमोर थांबली. पल्लवी मागे बसली होती. बाई धावत गेल्या. "मंगळूभाऊ, तिला येतं हो! गठ्ठाच सुटत नव्हता!"

"काड्या मीच सोलल्या ना, बाई? सुटत कशा नाय?" मंगळू म्हणाला, आणि जीप हलली.

मित्रांनो, माझ्या दहाही काड्या आजवर शाबूत आहेत, आणि ही गोष्ट पाहुण्यांना अभिमानाने सांगितली जाते. धिक्कार असो माझ्या या शाबूतपणाचा! काडी मोडली तर बांबूच्या बेटात हजार उभ्या आहेत. गुरुजनांनो, आम्हांला झिजू द्या, हरवू द्या. पण समजत असलेली वजाबाकी चुकविण्याची पाळी कोणत्याही लेकरावर आणू नका.