बार्टलीचं नाव मी ऐकलं होतं

मी रेडिओ बोलतोय. भाड्याच्या गाडीतला. ज्या तीन दिवसांत मी खरंच बोलायला हवं होतं, त्या तीन दिवसांत नेमका माझा आवाज बंद केलेला होता. ती बोच अजून गेलेली नाही, म्हणून आज सांगायला बसलोय.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात एका पट्ट्यावरून माझ्यासारखे हजार जण सरकत होते. कोणीतरी पोटात तारा भरल्या, तोंडावर दोन गोल बटणं बसवली. डावं आवाजाचं, उजवं स्टेशन बदलायचं. मग एका लहान राखाडी गाडीत मला घट्ट बसवलं आणि ती गाडी शॅननच्या विमानतळाबाहेर उभी राहिली. तेव्हापासून हा पश्चिमेचा किनारा आणि मी.

पर्यटक मला पुरते पाठ झाले. पहिला गोल चौक यायच्या आत नवरा-बायकोचं एकदा तरी वाजतं. रस्त्यात मेंढ्या आडव्या आल्या की सगळे खाली उतरून फोटो काढतात, आणि पाचव्या दिवशी त्याच मेंढ्यांना शिव्या घालतात. मला गाणी लावायला सांगतात आणि गाणं लागलं की त्याच्यावर बोलत बसतात. मी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही.

पण एक गोष्ट त्यांना कधी कळली नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या स्टेशनावर सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला गेलेल्या माणसांची नावं वाचतात. नाव, गाव, मागे कोण कोण आहे, मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना किती वाजता, माती कुठे. इथल्या घरांत तेवढा वेळ कोणी चमचासुद्धा वाजू देत नाही. परक्या माणसांच्या कानावर ती नावं नुसती पडतात आणि निघून जातात. त्यांच्यातल्या कोणी कधी माझा आवाज बंद केला नाही. बंद केला तो इथल्याच माणसानं.

त्याचं नाव फेस्टी कनीली. वय साठीला टेकलेलं, डोक्यावर टोपी, हात छपरं घालून घालून खरखरीत झालेले. सत्तावीस वर्षांपूर्वी हा बॉस्टनला गेला तो त्या वर्षी मे महिन्यात परत आला होता, बरोबर मुलगी ओर्ला. हातात कंपनीनं छापून दिलेला कागद: सात दिवस, स्वतः गाडी चालवत किनाऱ्याची सफर, कुठल्या दिवशी कुठलं हॉटेल, कुठले कडे, कुठला किल्ला.

विमानतळाच्या फाटकातच ओर्ला ओरडली, "बाबा, डावीकडे! डावीकडे!"

"अगं, मी याच देशात जन्मलोय."

"हो, पण इथे तुम्ही सायकल चालवत होतात!"

तो हसला आणि कुंपणाला आरसा घासला. मला तो माणूस तिथेच आवडून गेला.

दुपारी बाराला नावं सुरू झाली. ओर्लानं कान टवकारले. "हे काय? मेलेल्यांची यादी?"

"मग! कोण गेलं ते कळल्याशिवाय इथे कोणी बटाट्याला हात लावत नाही. आई ओठांवर बोट ठेवून बसायची. आणि मी न् बार्टली टेबलाखाली एकमेकांना लाथा मारायचो."

"बार्टली काका. जायचंय ना आपल्याला त्यांच्याकडे?"

"बघू. यादीत बसलं तर."

ओर्लानं तो छापील कागद त्याच्या नाकासमोर धरला. "यात कॅरिगमोर कुठेच नाही. शिंपल्यांचं म्युझियम आहे, आणि तुमचं गाव नाही."

दुसऱ्या दिवशी समुद्राकडच्या कड्यांवर धुकं होतं, म्हणून दोघं गाडीतच बसून थर्मासमधला चहा पीत होते. तेव्हा त्यानं सांगितलं, काचेकडे बघत.

"माझी आई गेली तेव्हा तू सहा महिन्यांची होतीस. माझ्याकडे कागद नव्हते तिकडे राहायचे. एकदा बाहेर पडलो असतो तर परत तुम्हा दोघींपर्यंत पोचलो नसतो."

"मग काकांना सांगितलंत ना तसं?"

"नाही. मी तिकडे चोरासारखा राहतोय हे घरी कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, कामातून सुटका नाही."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाला, आईला खांदा द्यायला आला नाहीस, आता मी मेलो तरी येऊ नकोस."

"मग तुम्ही?"

"मी म्हटलं, बरं."

त्यानंतर बावीस वर्षं दोघा भावांत एक शब्द झाला नव्हता. मधे घरं बदलली, फोन नंबर बदलले. आता फेस्टीकडे सगळे कागद होते, आणि त्याला भावापुढे उभं राहून ते 'बरं' परत घ्यायचं होतं. पण सरळ जायची हिंमत नव्हती.

"म्हणून ही सफर," तो म्हणाला. "फिरायला आलो होतो, सहज डोकावलो, असं म्हणता येतं."

"म्हणजे एका दारात सहज उभं राहायला सात हॉटेलं?"

"तू आईवर गेलीयेस," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

तिसऱ्या दिवशी खाडी ओलांडून आम्ही त्याच्या मुलखात शिरलो. बिनचुन्याच्या दगडी भिंती, काळं पाणी, समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करणारा. फेस्टीचंही बोट आपोआप उचललं जायला लागलं. त्यानं उजवं बटण फिरवून स्वतःच घरचं स्टेशन लावलं. बोलणारी माणसं त्याच्या लहानपणासारखंच बोलत होती, आणि तो एकटाच हसत होता. मात्र नावांची वेळ झाली, तशी त्यानं डावं बटण पार शेवटपर्यंत मागे फिरवलं.

"काय झालं?" ओर्ला म्हणाली.

"इथली नावं ओळखीची असतील. एवढं नको ऐकायला मला."

आता माझी अडचण समजून घ्या. आवाज बंद केला म्हणून मी बहिरा होत नाही. स्टेशन बोलत असतं, माझ्या पोटात सगळं येत असतं, फक्त तोंडातून बाहेर पडत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी कॅरिगमोरचा फाटा आला. फेस्टीनं वेग कमी केला. इंडिकेटर लावला. टिक टिक टिक, बराच वेळ. मागून एक ट्रॅक्टर येऊन थांबला, पण त्यानंही हॉर्न वाजवला नाही. मग फेस्टीनं इंडिकेटर बंद केला आणि सरळ गेला.

"उद्या," तो म्हणाला.

बारा वाजले होते. त्यानं नेहमीसारखं माझं बटण मागे फिरवलं, आणि माझ्या पोटात बाईचा शांत आवाज आला: बार्टली कनीली, कॅरिगमोर, आज पहाटे, इस्पितळात. पश्चात भाऊ फेस्टी, बॉस्टन.

ज्याचा भाऊ गेल्याचं वाचत होते तो माझ्यासमोर हातभर अंतरावर बसून सँडविचचा कागद सोडत होता. मी काय काय केलं नसेल! खरखरलो, दिवा लुकलुकवला. ओर्ला म्हणाली, "हा रेडिओ बिघडलाय वाटतं." तिनं मला चापट मारली आणि मी थांबलो. एवढीच माझी धाव.

पाचव्या दिवशी कागदावर पवित्र विहीर होती. त्यासाठी त्याच रस्त्यानं उलटं यावं लागलं, म्हणजे फाटा पुन्हा. ओर्ला फाट्याकडे बघत राहिली, फेस्टी समोर. या वेळी इंडिकेटरही नाही. फाटा मागे पडून दोन मैल झाले असतील, तेवढ्यात समोरून शहराकडून शवगाडी आली, मागे चार-पाच गाड्या. रस्ता अरुंद, म्हणून अगदी हळू.

फेस्टीनं गाडी भिंतीला चिकटवली, इंजिन बंद केलं, टोपी काढली आणि खाली उतरला. शवगाडी शेजारून गेली तसा तो वळला आणि तिच्याबरोबर तीन पावलं चालला. मग थांबला, क्रूसाची खूण केली आणि परत आला.

"हे काय होतं?" ओर्लानं विचारलं.

"अंत्ययात्रा समोरून आली की तिच्याबरोबर तीन पावलं जायचं असतं. मेला तो कोणी का असेना. आईनं लावलेली सवय."

"कोण होतं ते?"

"कोण जाणे बापडा."

त्यानं किल्ली फिरवली. मी जागा झालो तो नेमका बाराच्या नावांवर. एक शब्द बाहेर पडला असेल नसेल, त्याचा हात बटणावर आला. "पुरे," तो म्हणाला. "आत्ताच एक पाहिली."

लोक म्हणतात यंत्राला मन नसतं. त्या दिवशी नसतं तर बरं झालं असतं.

सहावा दिवस बेटांचा. सकाळी नऊला आम्ही धक्क्याकडे निघालो होतो. नावं सुरू झाली, बटण मागे गेलं. बार्टली कनीली, मिस्सा आज अकरा वाजता, कॅरिगमोरच्या चर्चमध्ये. या वेळी त्या बाईनं पुढे एक वाक्य जोडलं: शेजाऱ्यांची विनंती आहे, फेस्टीचा ठावठिकाणा कोणाला माहीत असेल तर त्याला कळवावं. मला माहीत होता. धक्क्यापासून चर्च चाळीस मिनिटांवर होतं. दोघं बाप-लेक बोटीत बसून गेले आणि मी धक्क्यावर उन्हात दिवसभर मुका बसलो.

चारला परतले तेव्हा फेस्टीचा चेहरा वेगळाच होता. वाऱ्यानं लाल झालेला, पण मोकळा. "चल," तो ओर्लाला म्हणाला. "आता नाही थांबवत. नाही बोलला तर नाही बोलला, दोन शिव्या तरी देईल." तिनं त्याच्या गालाचा पापा घेतला. फाट्यावर त्यानं इंडिकेटर लावला आणि वळला. सबंध वाटभर तो गुणगुणत होता.

घराची खिडकी बंद होती. भिंतीशी एक म्हातारी काळा कोट घालून उभी होती, हातात झाकलेल्या ताटल्यांची चळत. फेस्टीनं काच खाली केली आणि चार दिवस घोकलेलं वाक्य म्हटलं.

"फिरायला आलो होतो. म्हटलं, सहज डोकावावं. बार्टली आहे का घरात?"

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. "कान बापाचे आहेत," ती म्हणाली. "तू फेस्टी."

"नॅन?"

"हो रे, नॅन. शेजारची. अजून जिवंत आहे मी." तिनं ताटल्या भिंतीवर ठेवल्या. "दुपारीच मातीला घातलं त्याला, पोरा. दोन दिवस रेडिओवर सांगत होते. तू कुठे होतास?"

ओर्लानं त्याचा हात धरला.

"पाच जण उभे राहिले शवपेटीला," नॅन म्हणाली. "फादर म्हणाले, सहावी जागा थोडा वेळ मोकळी ठेवू, कोण जाणे. पंधरा मिनिटं थांबलो आम्ही चर्चच्या दारात. मग पोस्टमननं खांदा दिला."

"त्यानंच सांगितलं होतं येऊ नकोस म्हणून," फेस्टी कसाबसा म्हणाला.

"ठाऊक आहे. इस्पितळात जाताना मला म्हणाला, नॅन, फेस्टी आला तर सांग, ते खांद्याचं मी रागात बोललो होतो. तो 'बरं' म्हणाला आणि मला पुढे बोलताच येईना, म्हणाला." नॅननं नाक पुसलं. "काल शवगाडीवाला सांगत होता, वाटेत एक पर्यटक गाडीतून उतरून तीन पावलं चालला म्हणे. राखाडी गाडी. आम्हाला बरं वाटलं, परक्या माणसानं रीत पाळली."

फेस्टीनं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "तो मीच, नॅन."

खिडकीतून हात आत घालून तिनं त्याचं डोकं आपल्या कोटाला टेकवलं.

"तीन पावलं गेलो," तो म्हणाला, "आणि परत फिरलो."

दफनभूमीत जाऊन आल्यावर ते गाडीत बसले तेव्हा सहा वाजत होते. फेस्टीनं हात पुढे केला आणि डावं बटण पुढे फिरवलं, अगदी शेवटपर्यंत. माझ्या आवाजानं काचा थरथरल्या. नावं वाचली गेली, सात की आठ. बार्टलीचं नव्हतं. माती झालेल्याचं नाव पुन्हा वाचत नाहीत. तरीही फेस्टीनं शेवटच्या नावापर्यंत सगळी यादी ऐकली, आईसारखं ओठांवर बोट ठेवून.

सातव्या दिवशी गाडी परत केली. उतरताना त्यानं माझ्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, ओरडेल माझ्यावर. नाही ओरडला. त्यापेक्षा ओरडला असता तर चाललं असतं.

पुढे गाडी जुनी झाली, विकली गेली, शेवटी भंगारात गेली. कॅरिगमोरच्या फाट्यावरच्या गॅरेजमध्ये एका मेकॅनिकनं मला गाडीतून उचकटून जुन्या बॅटरीला जोडलं. आता मी तेलकट फळीवर असतो. डाव्या बटणावर वंगणाची बोटं उठली आहेत. बारा वाजले की तो आवाज वाढवतो आणि पाना खाली ठेवतो.

तुम्ही गाडीत बसाल तेव्हा माझ्या भावंडांना हवं तेवढं गप्प करा. गाणी नको असतील तर बंद करा, जाहिरातींना तर जरूरच बंद करा. पण नावं वाचत असतील तेव्हा तेवढं बटण मागे फिरवू नका. भीती वाटत असेल तर मुळीच नका फिरवू.

आणि ते एक नाव अजून माझ्या पोटात अडकलं आहे, ते आज मोठ्यानं म्हणू द्या. बार्टली कनीली, कॅरिगमोर. मिस्सा अकरा वाजता. पश्चात भाऊ फेस्टी. तो इथेच आहे हो, चाळीस मिनिटांवर. थोडं थांबा.