दहा खुर्च्या आणि एक पारदर्शक पेटी

दहा हेडफोन. काळे, जाड गाद्यांचे, अजून खोक्यात.

*

‘इथे आपल्याला ना मामा, ना मावशी. आपणच एकमेकांचे.’ चंदीगडला आलेल्या प्रत्येक नव्या मराठी माणसाला नलिनी काकू हे ऐकवतात आणि लगेच त्याचा रक्तगट विचारतात.

*

सेक्टर चौतीसच्या एका क्लासने मागच्या महिन्यात छत्र्या वाटल्या. आतून भौतिकशास्त्राची सूत्रं छापलेल्या. पोरं लख्ख उन्हात छत्री उघडून बसमध्ये चढत होती.

*

मेघना वहिनीला नववा लागला. तिचा नवरा सुबोध बँकेच्या कामाने शिमल्याला.

*

काकूंच्या वहीत ‘ओ निगेटिव्ह’खाली दोनच नावं. बाबुराव आणि वेदांत. एक आठवडा याचा, एक त्याचा. ज्याचा आठवडा असेल त्याने फोन जवळ ठेवायचा, अगदी आंघोळीलाही.

*

“कोई एक भी उठा, तो पूरी टेबल गई,” कुणाल म्हणाला. “समझ गए ना?”

*

आठवडा वेदांतचा होता.

हे त्याला फोन पेटीत टाकताना आठवलं नाही. आठवलं ते झाकण बसल्यावर, आणि तेव्हाही त्याने मनाला समजावलं की तीन तासांत असं काय होणार आहे. दीड वर्षात यादीतून त्याला एकदाही बोलावणं आलेलं नव्हतं.

तर खेळ असा. कॉलेजच्या महोत्सवात एका नव्या हेडफोन कंपनीने सभागृहाबाहेर मांडव टाकलेला. टेबलाभोवती दहा जण, मधे पारदर्शक पेटी, पेटीत दहा फोन. पेटीला वेळेचं कुलूप. एक ते चार कोणी खुर्ची सोडायची नाही. दहाही टिकले तर दहांना हेडफोन. एक उठला तर कोणालाच नाही. कंपनीचा माणूस म्हणजे तिसऱ्या वर्षाचा कुणाल. उंच, गोरा, गळ्यात ओळखपत्र. बघ्यांची गर्दी मोबाइल उंचावून चित्रण करत होती. जाहिरात फुकटात होत होती.

वेदांतशेजारी मयुरेश. दोघं एकाच खोलीत राहायचे. वेदांत परभणीचा, मयुरेश इस्लामपूरचा. हेडफोनसाठी वेदांतला ओढून आणणारा हाच.

दोन चाळीसला पेटीत वेदांतचा फोन उजळला. त्यावर कोणाचा तरी गुलाबी फोन आडवा पडलेला, त्यामुळे नाव अर्धंच दिसत होतं. ‘नलिनी का’.

“काकू,” वेदांत म्हणाला.

“डबा परत दिला नाहीस तू. शिव्या घालायला केला असेल,” मयुरेश म्हणाला.

हे खोटं नव्हतं. काकू डब्यासाठीही पाच-पाच फोन करत. दुसऱ्यांदा उजळला. तिसऱ्यांदा. आवाज नाही, नुसता उजेड. सहाव्यांदा उजळला तेव्हा वेदांतने टेबलाची कड धरली होती.

“कुणाल, एक मिनिट खोल ना. प्लीज.”

“भाई, टाइमर है. मेरे हाथ में कुछ नहीं.”

“तुझा फोन दे मग. एक कॉल करतो.”

कुणालने दिला. वेदांतने आकडे दाबायला बोट नेलं आणि बोट तिथेच थांबलं. काकूंचा नंबर त्याला पाठ नव्हता. मयुरेशलाही नव्हता. आईचा होता, पण आई परभणीत. तिला काकूंचं नाव माहीत, नंबर नाही. स्वतःच्या खात्यात शिरून शोधावं तर ओटीपी येणार त्याच पेटीत.

समोरची मुलगी हसली. “मम्मी की याद आ रही है?”

“अरे बैठ जा यार, पचास मिनट!”

“उठलास ना, तर आजपासून तुझी खोली वेगळी,” मयुरेश म्हणाला. चेष्टेतच म्हणाला, पण त्याचा हात वेदांतच्या गुडघ्यावर घट्ट होता.

तीन वीस.

फोन परत उजळला. या वेळी निरोप. गुलाबी फोनच्या कडेबाहेर दोन तुकडे दिसले. वरच्या ओळीत ‘मेघनाचं र’. खालच्या ओळीत ‘३२ ला’.

वेदांतने ते दोनदा वाचलं. मग मयुरेशला दाखवलं. मयुरेशने वाचलं आणि गुडघ्यावरचा हात काढला.

“बत्तीस म्हणजे…”

“सेक्टर बत्तीसचं सरकारी हॉस्पिटल. तिची तपासणी तिथेच चालू आहे.”

“‘र’ म्हणजे काहीही असू शकतं रे,” मयुरेश म्हणाला.

वेदांत उठला.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, आणि मयुरेश सोडून बाकीचे आठ जण एकदम ओरडले. गर्दीतून शिट्ट्या. कुणीतरी बाटली भिरकावली. समोरची मुलगी म्हणाली, “सेल्फिश!” तिचे डोळे भरले होते, तिने हेडफोन भावाला कबूल केले होते म्हणे.

वेदांतला रिक्षा करायची होती. पाकीट तो वापरतच नव्हता. पैसे फोनमध्ये, फोन पेटीत. तो मांडवाबाहेर तसाच उभा राहिला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. बत्तीस इथून पायी तासभर.

मागून किल्ल्या वाजल्या. “बस मागे,” मयुरेश म्हणाला. “आता माझं काय राहिलंय तिथे!”

हेल्मेट एकच होतं. ते त्याने वेदांतच्या डोक्यावर चढवलं. प्रत्येक चौकात कॅमेरा, प्रत्येक चौकात लाल दिवा. मयुरेशने एकही तोडला नाही. पोलिसाने बाजूला घेतलं असतं तर दहा मिनिटं गेली असती. दिव्यापाशी थांबला की तो आकडे मोजायचा, मोठ्याने, मराठीत. “चौतीस, तेहतीस, बत्तीस…”

काकू रक्तपेढीच्या दारात उभ्या होत्या. हातात ती वही. त्यांनी वेदांतला बघितलं आणि एक चापट मारली, दंडावर, जोरात.

“एकोणीस फोन!”

“काकू, फोन…”

“नंतर. खाल्लंयस का काही? बाळ आलं, पण हिचं रक्त थांबेना. ओ निगेटिव्हची होती ती एकच पिशवी लावलीय. बाबुराव नाशिकला गेलाय. जा आत.”

आत परिचारिकेने बाही वर करायला सांगितली. सुई गेली तेव्हा वेदांतने तोंड फिरवलं. काचेपलीकडे मयुरेश काकूंना काहीतरी सांगत होता, पेटीबद्दल असावं, कारण दोन्ही हातांनी चौकोन करून दाखवत होता. काकूंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी वहीत डोकं घातलं.

साडेचारला एक डॉक्टर येऊन काकूंशी बोलली. काकू मटकन बाकावर बसल्या. मग उठून त्यांनी दारातून डोकं आत घातलं आणि त्याला सांगितलं: थांबतंय. रक्त थांबतंय. तरी तुझी पिशवी लागणार, तपासून झाली की लावतील.

त्याने मूठ उघडली, परत मिटली, सांगितलं होतं तशी.

मेघनाला मुलगी झाली ती दोन वाजून बत्तीस मिनिटांनी, पेटीतला फोन पहिल्यांदा उजळला त्याच्या आठ मिनिटं आधी.